डोकं दुखतंय? आधी मान शेका, मग हलवा!

संध्याकाळ झाली की कपाळाभोवती पट्टा आवळल्यासारखं होतं. गोळी घेतली की तासाभरात बरं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. अभ्यासिकेत, एडिटिंगला, कंपनीत स्क्रीनसमोर बसणाऱ्या आपल्यातल्या कित्येकांचं हे रोजचं दुखणं. त्यावर आजीचा शेक खरंच चालतो का? चालतो, पण अर्धाच. उरलेलं अर्धं आपल्याला करावं लागतं.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. उस्मानपुऱ्यातली आमची खोली. तीन पलंग, एक टेबल आणि टेबलावर कायम एमपीएससीच्या पुस्तकांचा ढीग. टेबल रूममेटचं, कारण परीक्षा तिची. मी माझा फायनल इयरचा डॉक्युमेंटरी प्रोजेक्ट पलंगावर मांडी घालून, मांडीवर लॅपटॉप ठेवून एडिट करायचे. सकाळी नऊला बसलं की डबा येईपर्यंत मान वर नाही. डबा खाऊन पुन्हा तेच.

साधारण पाच-साडेपाचला डोकं धरायचं. आधी मानेच्या मुळाशी जडपणा, मग कवटीच्या मागून वर सरकत सरकत कपाळापर्यंत. कुणीतरी डोक्याला ओढणी बांधून गाठ आवळतंय असं वाटायचं. उलटी नाही, ठणका नाही. कॉलेजला जाता येत होतं, स्कूटी चालवता येत होती. त्यामुळे कुणाला सांगायचीही लाज वाटायची. डोकं तर सगळ्यांचंच दुखतं, त्यात काय एवढं?

मग खालच्या मेडिकलमधून गोळी. ‘डोकेदुखीची द्या’ म्हटलं की स्ट्रिप समोर. परवाच एक स्ट्रिप नेली होती, हे ना कुणी विचारलं, ना मी सांगितलं.

नेमकं किती वेळा दुखतंय ते कळावं म्हणून मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोळी घेतलेल्या दिवशी फुली मारायला लागले होते. महिनाअखेरीला रूममेट दुधाचा हिशोब करायला उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘अगं, १३ दिवस दूध आलंच नाही?’’

‘‘ते दुधाचे खाडे नाहीत गं, माझ्या गोळ्या आहेत.’’

दोघी जरा वेळ गप्प बसलो. महिन्यात १३ दिवस गोळी. तेव्हा पहिल्यांदा वाटलं, हे काही ‘त्यात काय एवढं’ नाहीये.

नाव मोठं, दुखणं रोजचं

या डोकेदुखीला डॉक्टर ‘टेन्शन टाइप हेडेक’ म्हणतात, म्हणजे ताणाची डोकेदुखी. जगात सगळ्यात जास्त आढळणारी डोकेदुखी हीच. २०१६ सालच्या जागतिक आजारभार अभ्यासानुसार साधारण १८९ कोटी लोकांना ती होती. मायग्रेन होता १०४ कोटी लोकांना. आपल्या शेजारच्या कर्नाटकात बेंगळुरू शहर आणि आजूबाजूच्या खेड्यांत घरोघरी जाऊन पाहणी झाली, तेव्हा दर तीन माणसांमागे साधारण एकाला वर्षभरात ही डोकेदुखी झालेली होती.

ओळखायची कशी? दोन्ही बाजूंना दुखतं, दाबल्यासारखं किंवा आवळल्यासारखं. जिना चढला, चाललं म्हणून वाढत नाही. अर्ध्या तासापासून सात दिवसांपर्यंत कितीही टिकू शकते. एका बाजूला ठणकत असेल, उलटी होत असेल, उजेड आणि आवाज दोन्ही नकोसे होत असतील तर तो मायग्रेन असण्याची शक्यता जास्त. त्याचे उपचार वेगळे आहेत, त्यामुळे ते डॉक्टरांकडून तपासून घ्यावं.

महिन्यात १ ते १४ दिवस दुखत असेल तर ती ‘अधूनमधून’ होणारी. १५ किंवा त्याहून जास्त दिवस आणि असं तीन महिन्यांहून अधिक चाललं, तर ती ‘जुनाट’ समजतात. मी १३ वर होते. दारातच उभी होते म्हणा ना.

‘ताणाची’ म्हटलं की घरचे लगेच म्हणतात, ‘टेन्शन घेऊ नकोस, थांबेल.’ नाव ऐकून तसं वाटतं खरं. पण हे दुखणं मनाचे खेळ नाहीत. मनावरचा ताण, अपुरी झोप, जेवणाच्या मोडलेल्या वेळा आणि तासन्‌तास एका जागी आखडलेली मान हे सगळं मिळून ते होतं.

दुखतं कपाळ, आखडते मान

मी शेवटी एका फिजिओथेरपी ओपीडीत गेले. वाटलं होतं डोक्याला काहीतरी मशीन लावतील. मॅडमनी डोक्याला हातही लावला नाही. माझ्या मागे उभं राहून त्यांनी कवटी आणि मान जिथे जुळतात तिथल्या खळग्यात अंगठ्याने दाबलं. आणि दुखलं कुठे? कपाळात! अगदी तीच ओळखीची, संध्याकाळची डोकेदुखी.

मागे दाबलं तर पुढे का दुखावं? कारण मानेच्या वरच्या तीन मज्जातंतूंचे निरोप आणि चेहरा-कपाळाच्या मज्जातंतूचे निरोप मेंदूकडे जाताना एकाच ठिकाणी एकत्र येतात. एकाच तारेवर दोन घरांचे फोन जोडले तर घंटी कुणाची वाजली ते कळत नाही, तसं मेंदूचं होतं. दुखणं असतं मानेच्या स्नायूंत, मेंदू समजतो कपाळात. उलटही होतं, डोकं सतत दुखत राहिलं की मान आणखी हळवी होते. दोघं एकमेकांना चिथावत राहतात.

त्यात आपली बसायची पद्धत. माणसाचं डोकं साधारण पाच किलोचं. न्यूयॉर्कचे मणक्याचे सर्जन केनेथ हंसराज यांनी २०१४ मध्ये गणिती मॉडेल मांडून हिशोब केला होता. डोकं सरळ असताना मानेवर पाचेक किलोचा भार असतो. मान १५ अंश पुढे झुकली की तो १२ किलोसारखा होतो आणि ६० अंश झुकली, म्हणजे आपण मांडीवरच्या मोबाइलमध्ये बघतो तेव्हा, साधारण २७ किलो. हे मॉडेल आहे, प्रत्यक्ष माणसांच्या मानेत मोजलेलं नाही, हे लक्षात ठेवायचं. तरी अंदाज येतो. पाण्याचा २० लिटरचा जार उचलून जिना चढताना जो जीव निघतो, तो आठवा. तसं काहीतरी आपल्या मानेला रोज आठ-दहा तास चाललंय.

तव्यावरचं फडकं

ओपीडीत जायच्या आधी मी संक्रांतीला गावी गेले होते, सिल्लोडकडे. आजीने माझी मान बघितली आणि काही न विचारता चूल पेटवली. सुती फडक्याची घडी तव्यावर गरम करून, आधी स्वतःच्या गालाला लावून बघून मग माझ्या मानेवर. मग दुसरी घडी, मग पहिली. पाचव्या-सहाव्या घडीला खांदे आपोआप खाली आले. मला वाटलं आता इथेच झोपावं. तर आजी म्हणाली, ‘‘उठ आता. बसू नको. मान फिरव जरा हिकडं-तिकडं. आन् आंगण झाडून घे.’’

मला वाटलं, झालं, शेकाच्या बदल्यात काम. कुरकुरत झाडलं.

आपल्याकडे शेकाला काही तोटा नाही. मिठाची किंवा ओव्याची पुरचुंडी, निर्गुडीचा पाला, फडक्यात गुंडाळलेली गरम वीट, बाळंतिणीच्या बाजेखालची शेगडी. चरकसंहितेत सूत्रस्थानाचा अख्खा १४वा अध्याय स्वेदनाला, म्हणजे शेकून घाम काढण्याला दिलेला आहे आणि त्यात अग्नीच्या मदतीने करायचे १३ प्रकार मोजले आहेत. दौलताबादच्या किल्ल्यावर चढताना आपण शाही हमामजवळून सेल्फी काढत जातो, तीही गरम पाण्याच्या स्नानाचीच जागा. आपल्या मराठवाड्यात किनवट तालुक्यातल्या उनकेश्वरला गरम पाण्याचे झरे आहेत, तिथे लोक अजूनही अंघोळीला जातात. म्हणजे ऊब घेतली की अंगाला बरं वाटतं, हे सांगायला कुठल्या रीलची गरज नाही.

पण बरं का वाटतं?

मिरची आणि नोबेल

ओपीडीत शेक द्यायला एक स्टीलची टाकी होती. तिच्यातलं पाणी ७० ते ७५ अंशांवर ठेवतात आणि आत कॅनव्हासच्या जाड पिशव्या लटकवलेल्या असतात. पिशवीत पाणी शोषून धरणारी एक प्रकारची माती भरलेली असते, त्यामुळे ती बराच वेळ गरम राहते. ही पिशवी थेट अंगावर ठेवत नाहीत. टॉवेलचे सहा-आठ पदर मध्ये घालतात आणि १५ ते २० मिनिटं मानेवर-खांद्यांवर ठेवतात. आजीच्या फडक्याचीच ही कॉलेजला गेलेली बहीण.

उष्णता आत गेली की तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्तप्रवाह वाढतो. आखडलेल्या स्नायूला ‘आवळून धर’ असं सांगत राहणारे संदेश मंदावतात आणि स्नायू ताणायला सोपा होतो. अशा वरवरच्या शेकाची उष्णता साधारण सेंटीमीटरभर खोल पोचते. मग त्याहून खोल असलेल्या स्नायूंना आराम कसा पडतो? इथे मेंदू मध्ये येतो. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार मज्जारज्जूत जणू एक फाटक असतं. स्पर्शाचे निरोप तिथे गर्दी करून पोचले की दुखण्याच्या निरोपांना वाट कमी मिळते. कोपर आपटलं की आपण लगेच चोळतो ना, तेच. उबेचंही बरंचसं काम असंच चालत असावं असं मानतात.

त्वचेला ऊब कळते कशी, हे कोडं मात्र १९९७ मध्ये सुटलं आणि तेही मिरचीमुळे. मिरचीतल्या तिखट द्रव्याचा माग काढता काढता डेव्हिड ज्युलियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मज्जातंतूवरचं एक प्रथिन सापडलं. ते मिरचीने जागं होतं आणि साधारण ४३ अंशांच्या वरच्या उष्णतेनेही. म्हणून तर तिखट खाल्लं की तोंड ‘भाजतं’. या कामासाठी ज्युलियस यांना २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं, स्पर्शाच्या संवेदनेवर काम करणाऱ्या आर्डेम पाटापुटियन यांच्याबरोबर विभागून. आपण ज्याला ‘सोसवेल असा शेक’ म्हणतो त्याची हद्द साधारण इथेच कुठेतरी असते. त्यापुढे गेलं की ऊब संपते आणि चटका सुरू होतो.

पिशवी काढल्यावर काय?

पहिल्या दिवशी २० मिनिटांचा शेक झाला आणि मी विचारलं, ‘‘मॅडम, उद्या पुन्हा याच वेळेला येऊ का शेकायला?’’

त्या म्हणाल्या, शेक तर घरीही होईल. आता मान मोकळी झालीये, तर पुढचा अर्धा तास वाया घालवू नको. आणि त्यांनी व्यायाम सुरू केले. मला एकदम आजीचं अंगण आठवलं.

आपण शेकाबद्दल सगळ्यात मोठी चूक इथेच करतो. शेकून घेतलं, बरं वाटलं, झोपलो किंवा पुन्हा त्याच वाकड्या मानेने लॅपटॉपला चिकटलो. मग दुसऱ्या दिवशी तेच. नुसत्या शेकाने ही डोकेदुखी कायमची जाते याला भक्कम पुरावा नाही. शेक दुखणं काही वेळापुरतं कमी करतो. त्या वेळात मान न घाबरता हलते, स्नायू ताणता येतात, कमकुवत स्नायूंना कामाला लावता येतं. पुनर्वसनात शेकाला जागा आहे ती यासाठी.

व्यायामाच्या बाजूने मात्र चांगला पुरावा आहे. डेन्मार्कमध्ये मान-खांदे वारंवार दुखणाऱ्या १९८ जणांवर एक प्रयोग झाला, तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला रबरी पट्टा धरून हात बाजूने वर उचलायचा व्यायाम रोज फक्त २ मिनिटं दिला, दुसऱ्याला १२ मिनिटं, तिसऱ्याला व्यायाम नाही, फक्त माहिती. आठवड्यातून पाच दिवस, असं १० आठवडे. व्यायाम करणाऱ्या दोन्ही गटांचं दुखणं कमी झालं, आणि पुढे याच लोकांच्या डोकेदुखीचा हिशोब मांडला तेव्हा तीही कमी वेळा होत असल्याचं दिसलं. १२ मिनिटंवाल्यांना जरा जास्त फायदा झाला, पण २ मिनिटंवाले फार मागे नव्हते. दोन मिनिटं! आपण एक रील बघून दुसरी लावायची की नाही हे ठरवण्यात तेवढा वेळ घालवतो.

मला दिलेले व्यायाम अगदी साधे होते:

● हनुवटी मागे: ताठ बसून, समोर बघत, हनुवटी सरळ मागे न्यायची, जणू कुणी फोटोत डबल चिन काढतंय. पाच सेकंद धरायचं, सोडायचं. दहा वेळा.

● खांद्याची पाती जवळ: दोन्ही पाती मागे, एकमेकींकडे आणायची. पाच सेकंद, दहा वेळा.

● कान खांद्याकडे: डोकं एका बाजूला झुकवून दुसऱ्या बाजूचा ताण जाणवेपर्यंत. २० ते ३० सेकंद, प्रत्येक बाजूला तीनदा. हिसका नाही, झटका नाही.

● रबरी पट्टा: पायाखाली दाबून दोन्ही हात बाजूने खांद्यापर्यंत वर. सुरुवात दोन मिनिटांची.

हे वाचून लगेच जमिनीवर उतरू नका. तुमच्या मानेला काय चालेल हे एकदा फिजिओथेरपिस्टने बघितलेलं बरं. कुठल्याही व्यायामाने हातात कळ किंवा मुंग्या आल्या तर थांबायचं.

आधीच ४२ अंश, वरून शेक?

आपल्या शहरात हा प्रश्न येणारच. डिसेंबरात शेक म्हणजे सुख. पण मे महिन्यात क्रांती चौकातल्या सिग्नलला दोन मिनिटं थांबलं तरी डोकं शेकून निघतं. त्यात आणखी गरम पिशवी?

आधी एक फरक लक्षात घ्या. उन्हात फिरून, पाणी न पिता आलेली डोकेदुखी वेगळी. तिला सावली, पाणी आणि विश्रांती हवी. चक्कर, ताप, गोंधळल्यासारखं होत असेल तर सरळ दवाखाना. तिथे शेक अजिबात नको.

मान आखडून झालेलं दुखणं असेल तर उन्हाळ्यातही शेक चालतो. रात्री, पंख्याखाली, फक्त मानेच्या मागे आणि खांद्यांवर, दहा मिनिटं. आणि गरम नकोसंच वाटत असेल तर गार घ्या. अमेरिकेत मान आणि पाठ लचकून आपत्कालीन विभागात आलेल्या ६० जणांना सारखीच वेदनाशामक गोळी देऊन, निम्म्यांना गरम आणि निम्म्यांना गार पिशवी अर्धा तास लावली होती. २०१० मध्ये निकाल आला: दोन्ही गटांना थोडासाच आणि जवळपास सारखाच आराम. गरम की गार हे आपल्या आवडीवर सोडलं तरी चालतं. मायग्रेनवाल्यांपैकी अनेकांना गारच बरं वाटतं. पिशवी काढल्यावर मान हलवायची, हे मात्र दोन्हीकडे सारखं.

गोळीचं गणित

आता माझ्या १३ फुल्यांकडे परत येते. डोकेदुखीची गोळी सारखी घेतली तर तिच्यामुळेच डोकं दुखायला लागतं, हे मला माहीत नव्हतं. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात याला स्वतंत्र नाव आहे, औषधाच्या अतिवापराने होणारी डोकेदुखी. साधी एकाच औषधाची वेदनाशामक गोळी महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, आणि दोन-तीन औषधं एकत्र असलेली गोळी १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं आणि डोकं महिन्यातले निम्मे दिवस दुखायला लागलं, की ही शंका घ्यायची.

स्ट्रिपची मागची बाजू मी पहिल्यांदा वाचली. माझ्या गोळीत दोन वेदनाशामकं होती आणि वर कॅफीन. म्हणजे माझी हद्द १५ ची नव्हतीच, १० ची होती. आणि ती मी कधीच ओलांडली होती.

गोळी वाईट नाही. खूप दुखत असेल तेव्हा वेळेवर घेतलेली एक गोळी योग्यच. पण ‘संध्याकाळ झाली, गोळी घे’ हे बरोबर नाही. बंद करताना पहिले काही दिवस डोकं जास्त दुखू शकतं, मग हळूहळू उतरतं. म्हणून हे डॉक्टरांना विचारून करा, रागाच्या भरात स्ट्रिप कचऱ्यात टाकून नको.

आणि बाम? बाम लावला की गरम-गार वाटतं ते त्वचेवरच्या संवेदनांना चाळवल्यामुळे. स्नायू त्याने खरोखर तापत नाही. वाटतं बरं, तर लावा. पण बाम लावून त्यावर गरम पिशवी ठेवू नका. त्वचा भाजते.

सलूनमध्ये मान मोडून घेताय?

मुलांसाठी खास. दाढी-कटिंग झाली की डोक्याची मालिश आणि शेवटी मान धरून ‘कडाक्’. त्या आवाजाने मोकळं वाटतं हे खरं. पण मानेतून मेंदूला रक्त नेणाऱ्या धमन्या मणक्यांमधून जातात. अचानक हिसक्याने त्यांना आतून इजा होऊन पक्षाघात झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. असं क्वचित होतं, पण होतं. मालिश घ्या, शेवटचा हिसका नको म्हणा.

आपल्या शहरात कुठे जायचं?

घाटीत, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, केसपेपर काढून आधी डॉक्टरांना दाखवता येतं आणि फिजिओथेरपीबद्दल तिथेच विचारता येतं. सिडकोत एमजीएमच्या आवारात फिजिओथेरपीचं कॉलेज आहे. गल्लोगल्ली खासगी क्लिनिकही आहेत. जिथे जाल तिथे दोन गोष्टी बघा. समोरच्या व्यक्तीकडे फिजिओथेरपीची पदवी आहे का? तिचा अभ्यासक्रम इंटर्नशिप धरून काही वर्षांचा असतो. आणि रोज नुसतं मशीन किंवा गरम पिशवी लावून घरी पाठवतात, की व्यायाम शिकवतात? नुसतंच शेकून पाठवत असतील तर व्यायाम मागून घ्या. तो आपला हक्क आहे.

मार्चच्या पानावर

मी टेबल मिळवलं. म्हणजे रूममेट आणि मी वेळा वाटून घेतल्या. लॅपटॉपखाली तिची जुनी जाडजूड गाइडं रचली, स्क्रीन डोळ्यांच्या उंचीवर आली. एमपीएससीची पुस्तकं माझ्याही कामाला आली! दर अर्ध्या-पाऊण तासाने मोबाइलचा अलार्म, उठून पाण्याच्या माठापर्यंत फेरी. रात्री रबरी पिशवीचा शेक, मग व्यायाम. कंटाळा यायचा तेव्हा नुसता शेक घेऊन झोपायचे आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते कळायचं.

दहा आठवडे लागले. मार्चच्या पानावर फुल्या होत्या तीन. डोकं त्याहून जास्त दिवस दुखलं, खोटं कशाला बोलू. प्रोजेक्ट जमा करायच्या आदल्या रात्री तर चांगलंच. पण आता ते मानेत सुरू होतं तेव्हाच मला कळतं, आणि कपाळापर्यंत पोचायच्या आत मी उठलेली असते.

परवा रूममेटने पुन्हा दुधाचा हिशोब केला. खाडे तीन म्हणाली. दोन दुधाचे निघाले, एक माझा.

आणि गावी गेले की आजीला फार सांगावं लागत नाही. ती फडकं गरम करायला घेते, मी आधीच केरसुणी दारापाशी आणून ठेवते.

शेक घेताना एवढं पाळा

● गरम पाण्याची रबरी पिशवी दोन तृतीयांशच भरा, उकळतं पाणी नको, आतली हवा काढून बूच घट्ट लावा. मध्ये टॉवेल हवाच.

● १५ ते २० मिनिटं पुरेत. पाच मिनिटांनी त्वचा बघा. लालसर चालेल, लालभडक, ठिपक्यांची किंवा जळजळणारी नको.

● पिशवीवर मान ठेवून झोपू नका. इलेक्ट्रिक पिशवी चार्जिंगला लावलेली असताना अंगाला लावू नका.

● रोज एकाच जागी फार गरम शेक घेतल्याने त्वचेवर जाळीसारखे तपकिरी डाग पडतात. ते दिसले तर शेक थांबवा.

● नुकताच मार लागून सूज आली असेल, जखम असेल, ताप असेल तर शेक नको. घरात कुणाला मधुमेह असून त्वचेची संवेदना कमी झाली असेल तर त्यांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय शेकू नका. चटका बसला तरी त्यांना कळत नाही.

शेक सोडा, आधी डॉक्टर गाठा

● क्षणात सुरू झालेली, आयुष्यातली सगळ्यात भयंकर डोकेदुखी.

● तापाबरोबर ताठ झालेली मान.

● हातापायात अशक्तपणा किंवा बधिरपणा, बोलताना अडखळणं, दिसण्यात फरक.

● डोक्याला किंवा मानेला मार लागल्यानंतरचं दुखणं.

● आठवड्यागणिक वाढत जाणारं, खोकताना-शिंकताना जोर धरणारं किंवा झोपेतून उठवणारं दुखणं.